अहमदगंज राजवाडा, मुरुड

रायगड जिल्ह्यातील मुरुड येथे असलेला जंजिरा संस्थानच्या नवाबांचा राजवाडा. काशीदहून नांदगावमार्गे दक्षिणेकडे येताना मुरुडच्या वेशीवर, उंचवट्यावर, समुद्राकडे तोंड करून तो उभा आहे. नवाब सिद्दी अहमद खान (कारकीर्द १८७९–१९२२) यांनी तो १८८५ मध्ये बांधवला. नावही त्यांच्यावरूनच पडले.

बांधणीत मोगल आणि गॉथिक शैलींची सरमिसळ आहे. टोकदार कमानी आणि मनोरे युरोपीय वळणाचे, घुमट मात्र इथल्या मुस्लिम वास्तुपरंपरेतले. नव्या घराला मध्ययुगीन गढीचा किंवा चर्चचा गॉथिक साज चढवण्याची हौस इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रुजली. होरेस वॉल्पोल यांचे लंडनजवळील ‘स्ट्रॉबेरी हिल’ हे तिचे आरंभीचे ठळक उदाहरण. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथल्या धनिकांनी गावोगावी, तळ्यांकाठी असे वाडे उठवले. मुंबईत याच वळणाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, आणि त्याच वर्षी सुरू झालेले बोरीबंदर स्थानकाचे काम अहमदगंज उभा राहिला तेव्हाही चालूच होते. मुंबईतली ही वास्तुशैली नवाबी दरबारापर्यंत पोहोचली यात नवल नाही.

विशेष आहे ते या राजवाड्याचे शेजारपण. राजपुरीसमोरच्या पाण्यात सिद्दींचा अस्सल जलदुर्ग जंजिरा उभा आहे. शिवाजी महाराजांनी व संभाजी महाराजांनी प्रयत्नांची शर्थ करूनही तो अजिंक्य राहिला. खाऱ्या समुद्राच्या मधोमध असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याची मोठी तळी आहेत आणि सिद्दी सुरूलखानाच्या वाड्याच्या पडक्या भिंतीही अजून दिसतात. किल्ल्यातले बुरुज तोफांसाठी होते; अहमदगंजचे मनोरे केवळ शोभेसाठी. इंग्रजांचे वर्चस्व आल्यावर संस्थानाला लढाया उरल्या नव्हत्या, तटाआड राहण्याचेही कारण उरले नव्हते. पर्यटक किल्ला बघून येतात आणि राजवाड्यासमोर फोटोपुरते थांबतात. पण दोन्ही वास्तू जोडीने पाहिल्या तरच लढाऊ सिद्दी आरमाराचे मांडलिक संस्थान कसे झाले, ते नीट उमगते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. राजवाडा नवाबांच्या वंशजांकडेच राहिला. खासगी मालमत्ता असल्याने तो आतून पाहता येत नाही. रस्त्यावरून मात्र त्याचा दर्शनी भाग चांगला दिसतो.