सोडा-फाउंटनच्या कमाईवर उभे राहिलेले दंतमहाविद्यालय

२४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. हा डॉ. रफिउद्दीन अहमद यांचा जन्मदिवस. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांखेरीज हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते.

१८९० साली पूर्व बंगालात जन्मलेले अहमद अलिगढचे शिक्षण संपवून अमेरिकेस गेले. १९१५ मध्ये त्यांनी आयोवा विद्यापीठाची दंतशल्यविद्येची पदवी संपादन केली आणि पुढे बोस्टनच्या फोरसाइथ या मुलांच्या दंतरुग्णालयात काम केले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा येथे दात दुखला की बाजारात बसणाऱ्या दात काढणाऱ्याकडे जाण्याचीच रीत होती. दात उपटला की उपचार संपला! तो वाचवता येतो आणि त्यामागे एक शास्त्र आहे, हे शिकवणार कोण?

१९२० मध्ये अहमद यांनी कलकत्त्यात दंतमहाविद्यालय सुरू केले. भारतातील पहिले दंतमहाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. त्याच्या खर्चासाठी त्यांनी शहरात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे शीतपेयगृह चालवले. दातांच्या विद्येला गोड पेयांच्या विक्रीने हात द्यावा, हा योग मोठा गमतीचा. परंतु सरकारी अनुदानाची वाट पाहत बसण्यापेक्षा तो खचितच शहाणपणाचा होता. आरंभी विद्यार्थी फारच थोडे होते. त्यांतील फातिमा जीना यांनी १९२३ मध्ये मुंबईत स्वतःचा दवाखाना थाटला. त्या काळी स्त्रीने हा व्यवसाय करणे ही साधी गोष्ट नव्हती.

१९२५ मध्ये अहमद यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक काढले आणि १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. मात्र कायद्याच्या दृष्टीने दंतवैद्य कोण, हा प्रश्न उरलाच होता. त्यांच्या प्रयत्नांतून १९३९ मध्ये बंगालपुरता आणि १९४८ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. देशव्यापी कायद्याने मान्य पदव्या ठरवल्या आणि नोंदणी आवश्यक केली; तथापि पदवी नसूनही पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरणाऱ्यांना नोंदवहीच्या वेगळ्या भागात स्थान दिले. जुन्या कारागिरांच्या ताटातील भाकरी काढून न घेता नवी शिस्त आणण्याची ही तडजोड होती.

१९४९ मध्ये अहमद यांनी आपले महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. पुढे ते राज्याचे मंत्री झाले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. कोलकात्यातील ते महाविद्यालय आज डॉ. आर. अहमद यांच्याच नावाने चालते.