हुमायूनचा मुलगा

गेली वीस वर्षे मी मास्तरकी करीत आहे, आणि या वीस वर्षांत अकबर बादशहाचा जितका उपयोग मी करून घेतला तितका त्याच्या सरदारांनीही करून घेतला नसेल. एखाद्याचा मुलगा वर्गात मागे पडला आणि बाप उतरल्या चेहऱ्याने शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला, की माझे वाक्य तयार असे : ‘अहो, अकबराला तरी कुठे लिहिता-वाचता येत होते?’ बाप हसे, नमस्कार करी आणि निघून जाई. त्याचे समाधान झाले, असे मी समजत असे.

मग आमचा धाकटा तिसरीत गेला.

थोरलीने पाचव्या वर्षीच दुकानांवरच्या पाट्या वाचायला सुरुवात केली होती. धाकट्याला ‘कमळ’ हा शब्द आज येतो, उद्या येत नाही. डोळे तपासून घेतले, कान तपासून घेतले, दोन्ही उत्तम. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, म्हणून मुलांनी खूप शिकावे ही हौस जरा जास्तच. एका रात्री एकाच ओळीवर आम्ही पाऊण तास बसलो आणि अखेर माझा हात उठला. वीस वर्षे वर्गात जो आवरून धरला, तो घरी उठला. आतून हिचा आवाज आला, ‘अहो, पुरे करा आता. निजू द्या त्याला.’

दुसऱ्या दिवशी शाळेत एका सहकाऱ्याने विचारपूस केली. मी सांगितले. तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘मास्तर, अकबराला तरी कुठे येत होते?’

मी हसलो, नमस्कार केला आणि निघून आलो. तेव्हा कळले की ते सगळे बाप का हसत होते! अकबराला वाचून दाखवायला पदरी माणसे होती. आमच्या चिरंजिवांना बँकेतला कागद कोण वाचून दाखवणार?

त्या रात्री अकबरनाम्याचे भाषांतर पुन्हा काढून बसलो. यापूर्वी मी ते अकबरासाठी वाचले होते. या खेपेस सारखा नजरेत भरत होता तो त्याचा बाप.

हुमायून हा पुस्तकातला किडा. ताऱ्यांचा नाद, गणिताचा नाद, आणि स्वारीवर निघाला तरी ग्रंथांच्या पेट्या बरोबर. एका लढाईत त्या पेट्या हातच्या गेल्या. पुढे दुसऱ्या एका लढाईनंतर दोन उंट ओझ्यासकट नुसतेच भटकताना सापडले. पेट्या उघडून पाहिल्या तर आत तीच पुस्तके! राज्य परत मिळाल्यासारखा आनंद त्याला झाला म्हणतात. अशा माणसाच्या पोटी १५४२ साली, सिंधमध्ये उमरकोट येथे अकबर जन्मला.

हा मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा, १५४७ च्या नोव्हेंबरात, काबूलमध्ये त्याच्या विद्यारंभाचा बेत ठरला. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करतात, तसाच म्हणा ना. बापाने ज्योतिष्यांना बसवून घटका-पळांचा हिशेब करून मुहूर्त काढला. मुहूर्त आला, गुरुजी आले, आणि विद्यार्थी बेपत्ता! खेळायला म्हणून जो पळाला तो शोधूनही सापडला नाही. त्याच वर्षी काही महिन्यांपूर्वी चुलत्याने, कामरानने, या पोराला काबूलच्या तटावर बापाच्याच तोफांच्या तोंडी बसवले होते. आमचा धाकटा गणिताच्या तासाला पोटात दुखते म्हणतो; त्या मानाने अकबराचे निमित्त मोठे होते.

यानंतर सुरू झाली मास्तरांची अदलाबदल. पहिले मुल्ला असामुद्दीन. ते स्वतःच कबुतरांच्या नादी, म्हणून त्यांना काढले. (पुढे अकबराने वीस हजारांवर कबुतरे बाळगली, तेव्हा पहिल्या गुरूची विद्या अगदीच वाया गेली असे म्हणवत नाही.) मग मौलाना बायझीद आले. त्यांच्याने काही होईना, तेव्हा तिघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि अब्दुल कादिर यांचे नाव निघाले. मुलाने खेळ सोडून कामाला लागावे म्हणून हुमायूनने उपदेश केला, तोही पद्यात! ज्याला अक्षर लागत नाही त्याला पद्य लिहून पाठवणारा हा बाप पाहून मला हसू आले, आणि मग ते हसू माझ्यावरच उलटले. मीदेखील धाकट्याच्या वाढदिवसाला तीन पुस्तके आणली होती.

अबुल फझल म्हणतो, बादशहाचे ज्ञान ईश्वरदत्त होते, ते माणसांकडून शिकायचे नव्हतेच. दरबारी इतिहासकाराला असे लिहिता येते. आमच्या प्रगतिपुस्तकात तशा शेऱ्याची सोय नाही. अलीकडे काही अभ्यासकांनी अकबराला डिस्लेक्सिया असावा असा तर्क केला आहे. असेलही. पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या मुलाला तपासणार कोण?

पण एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. वाचत नाही म्हणून हुमायूनने या मुलाला बाजूला टाकले नाही. चित्रकलेसाठी इराणहून आणलेल्या अब्दुस्समदसारख्या कलावंताच्या हाताखाली त्याला बसवले. १५५१ मध्ये हिंदाल मारला गेला, तेव्हा गझनीचा कारभार या नऊ वर्षांच्या मुलाच्या नावे केला. मुलगा वाचील ही आशा त्याने सोडली होती का, हे अकबरनाम्यातून कळत नाही. १५५६ च्या जानेवारीत दिल्लीला आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून घसरून तो पडला आणि त्यातच गेला. मुलगा तेरा वर्षांचा होता, दूर पंजाबात होता, आणि त्याला वाचता येत नव्हते. हुमायूनने पाहिला तो एवढाच अकबर. आपण ज्याचा दाखला देतो तो अकबर त्याने पाहिलाच नाही.

आणि तो पुढेही वाचायला शिकला नाही. जेझुइट पाद्री मोन्सेराते १५८० साली त्याच्या दरबारी आला. त्याने हे लिहून ठेवले आहे, आणि मुलगा जहांगीर यानेही. जहांगीर म्हणतो, विद्वानांशी सतत बोलून बोलून वडील असे झाले होते की त्यांना अक्षरओळख नाही हे कुणाच्या ध्यानात येत नसे. त्याच्या पश्चात ग्रंथालयात चोवीस हजार ग्रंथ निघाले. १५८२ मध्ये त्याने महाभारताच्या फारसी भाषांतराचे काम सुरू करवले. ‘ऐने अकबरी’त शाळांसंबंधीचा त्याचा एक नियम आहे. मुलांना वर्षानुवर्षे अक्षरांवर अडकवून ठेवतात ते बंद करावे. आधी अक्षरे गिरवून घ्यावीत, मग जोडाक्षरे, आणि मुलाला स्वतः समजून घेऊ द्यावे, मास्तराने थोडाच हात लावावा. हा नियम मी दोनदा वाचला. तो लिहवून घेणारा माणूस कोणत्या बाकावर बसून आला होता, हे मला ठाऊक होते.

याच ग्रंथात आणखी एक तपशील आहे. बादशहाला रोज ग्रंथ वाचून दाखवीत. वाचन जिथे थांबे तिथे तो स्वतःच्या हाताने खूण करी, आणि पानांच्या हिशेबाने वाचणाऱ्याला सोन्यारुप्याची नाणी देववी.

सहामाहीचे प्रगतिपुस्तक आले. मराठीत पन्नासांपैकी चौदा. मी सही केली. ‘अधिक सराव घ्यावा’ या शेऱ्याखाली पालकांचा अभिप्राय लिहायला जागा होती, ती मोकळीच ठेवली. व्हरांड्यात येणाऱ्या बापांना आता मी अकबर सांगत नाही. आत बोलावून बसायला खुर्ची देतो.

रात्री जेवणे झाली की धाकटा अंथरुणावर पालथा पडून राहतो आणि मी वाचतो. सध्या महाभारत चालू आहे. डोळे मिटू लागले की तो हात पुढे करून माझ्या हातातली पेन्सिल घेतो आणि समासात एक तिरकी रेघ ओढतो. दुसऱ्या दिवशी ती रेघ तोच शोधून देतो. पानामागे नाणे देण्याची पद्धत मात्र त्याने अजून सुरू केलेली नाही.