स्वतःशीच लग्न

लग्न म्हटलं की नवरा हवा, नवरी हवी आणि मध्ये अंतरपाट हवा. पण अंतरपाट धरायचा कुणासमोर, असा प्रश्न पडावा असं एक लग्न 2022 साली बडोद्यास झालं. चोवीस वर्षांच्या एका तरुणीनं हळद लावून, मेंदी काढून, स्वतःच्या हातानं भांगात कुंकू भरलं आणि स्वतःशीच विवाह केला. देवळातल्या विवाहाला विरोध झाला, तेव्हा ठरल्या दिवसाआधीच, 8 जूनला, तिनं तो घरी उरकला.

ही कल्पना मूळची बडोद्याची नव्हे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे 1993 साली एका स्त्रीनं असा सोहळा केल्याची नोंद आहे. 2014 साली जपानात क्योटोच्या एका प्रवासी कंपनीनं एकट्या स्त्रियांसाठी नवरीचा पोशाख आणि छायाचित्रं असा दोन दिवसांचा बेतच विकायला काढला.

तुम्ही म्हणाल, हे शहरातलं खूळ! पण माणूस समोर नसलेलं लग्न आपल्याला नवं आहे का? कार्तिकात आपण तुळशीचं लग्न लावतो. पुरुषाचं तिसरं लग्न अशुभ मानीत, म्हणून आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावीत. त्याला अर्कविवाह म्हणतात. झाड तिसरं आणि येणारी मुलगी चौथी, असा तो हिशेब! आणि नवसापायी जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेली मुलगी? तिचं देवाशी लग्न लावीत आणि ती मुरळी होई. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या चालीविरुद्ध आवाज उठवला. 1934 साली मुंबई इलाख्यात स्त्रीला देवाला वाहणं कायद्यानं बंद झालं.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मुरळी होणाऱ्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं. बडोद्याच्या मुलीनं स्वतःला विचारलं आणि स्वतःच होकार दिला. फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

कायद्याचं म्हणाल, तर 1955 चा हिंदू विवाह कायदा दोघांच्या विवाहाबद्दल बोलतो. एकटीच्या विवाहाची त्यात नोंद नाही. त्यातून हक्क मिळत नाही, की बंधनही येत नाही. उद्या तिनं दुसऱ्या कुणाशी लग्न केलं, तरी हा सोहळा आड येणार नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? आपल्याकडे बाईच्या वाट्याला वाजतगाजत मान येतो तो बहुधा लग्नातच. लग्न न केलेली लेक चाळीस वर्षं घर सांभाळते, भावंडांना शिकवते; तिच्या नावानं कधी मांडव पडत नाही. लग्न नको, पण मान हवा, म्हणून मानासाठी पुन्हा लग्नच उसनं घ्यावं लागतं.

तेव्हा गुरुजी, बाई, गावकरी मंडळी, तुमच्या गावची लेक परिचारिका किंवा शिक्षिका होऊन आली, तर त्या दिवशी तिच्या दारी तोरण बांधा आणि चार माणसं जेवायला बोलवा. ‘आता लग्न कधी?’ हा प्रश्न त्या पंगतीत विचारू नका.