सिंहासनाशेजारची घोड्याची शेपटी

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तसबीर अनसिंगसारख्या गावच्या बैठकीत टांगलेली असो की मुंबईच्या कचेरीत, नजर हमखास त्या वाकलेल्या इंग्रजावर जाते. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी शंभराहून अधिक माणसांचा हा दरबार रंगवला तो इंग्रजी अमलात. त्यातला झुकलेला टोपीकर म्हणजे इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन. पोलंडचे नाव नकाशावरून पुसलेले असताना यान मातेयकोनेही 1882 मध्ये हाच डाव टाकला होता. त्याच्या चित्रात क्राकोच्या चौकात पोलिश राजापुढे प्रशियाचा ड्यूक गुडघे टेकतो.

खरी गंमत मात्र ऑक्झेंडनच्या नोंदीत, सिंहासनाच्या दोन्ही अंगांना आहे. 6 जून 1674 रोजी ऑक्झेंडन दूर उभा होता. दुभाषा नारायण शेणवीने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांचे लक्ष गेले आणि त्यांनी इंग्रजांना पायरीपाशी बोलावले. तिथून ऑक्झेंडनने टिपले ते असे: सोनेरी भाल्यांवर उजवीकडे मोठ्या दातांची दोन सुवर्ण मत्स्यमुखे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल सोन्याचा तराजू.

तराजू न्यायाचा. माशांचेही कोडे सोपे: फारसीत माही म्हणजे मासा, आणि मुघल बड्या सरदारांना माहीमरातब हे मानचिन्ह देत.

पण शेपट्या कशाला?

कुणी म्हणेल, ही आपली चवरीच. पण चवरी वनगाईच्या शेपटीची, ती सेवक हातात धरून ढाळतो. ऑक्झेंडन घोड्याची म्हणतो, भाल्यावरची म्हणतो, शिवाय ही मुसलमानी दरबारांची रीत असल्याचेही नोंदवतो. मध्य आशियाच्या माळांवर तुर्क सरदाराचा मान अशा शेपट्यांवर ठरे. अशा शेपटीच्या निशाणाला ‘तुग’ म्हणत. महाराजांनी 1666 मध्ये आग्र्याचा दरबार पाहिला, म्हणून काहीजण मुघलांकडे बोट दाखवतील. पण शहाजीराजांची बहुतेक हयात निजामशाही-आदिलशाहीत गेली. घरोबा तिथला जुना. तेव्हा दावा दख्खनचाच जड.

हीच शेपटी पश्चिमेलाही पोचली. तुर्कांशी लढता लढता पोलंडच्या सेनापतींनी त्यांचेच निशाण उचलले. पोलिश भाषेत ते ‘बुंचुक’. त्यांच्यातलाच एक सेनापती, यान सोबिएस्की, मे 1674 मध्ये राजा निवडला गेला. रायगडावरचा सोहळा त्यानंतर महिन्याच्या आतच झाला! सोबिएस्कीने 1683 मध्ये व्हिएन्नाला तुर्कांना परतवले, आणि 200 वर्षांनी मातेयकोने तो विजय रंगवून पोपला भेट दिला.

पुढच्या चित्रकाराने इंग्रज जरूर वाकवावा. पण सिंहासनाच्या डावीकडे भाल्यांवर घोड्याच्या शेपट्या रंगवायला विसरू नये.