फेरफार आधी, सातबारा मागाहून

खेडला मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाते, आणि ती सांगून जात नाही. अशाच एका संध्याकाळी मी वाडीच्या देवळाच्या वर्गणीचा हिशेब संगणकावर चढवत होतो. पैसे देऊन गेलेल्या दहाबारा मुंबईकरांची नावं बाकीच्या यादीतून काढली, सेव्ह केली, आणि जमेच्या यादीत चढवायच्या आत अंधार झाला. वीज आली तेव्हा ती माणसं बाकीतही नव्हती आणि जमेतही नव्हती. पावतीपुस्तक घेऊन दोन रात्री बसलो. तुमच्या हातातलं हे पुस्तक त्या दोन रात्रींचं.

डीबीटू या माहिती सांभाळणाऱ्या ज्या यंत्रणेशी इथे ओळख करून द्यायची आहे, तिच्यासाठी असा अंधार नेहमीचाच. माहिती तक्त्यांत ठेवावी, ती डिस्कवर कुठे पडली आहे याची काळजी वापरणाऱ्याला नसावी, हे आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलं. त्या विचारातून 1983 मध्ये मेनफ्रेमसाठी डीबीटू आली. बँका आणि विमा कंपन्या हे तिचं माहेर. 1988 मध्ये ओएस/टू बरोबर तिचं धाकटं भावंड पीसीवर उतरलं. आज डीबीटूची मोफत आवृत्तीही मिळते, आणि ती घरच्या संगणकाला पुरून उरते.

तक्ते म्हटल्यावर बुजू नये. तलाठ्याकडे चार हेलपाटे घातलेल्याला निम्मा विषय आधीच येतो. आठ-अ खातेदाराचा, सातबारा जमिनीचा, आणि दोन्हीकडे असलेला खाते क्रमांक हा त्यांना बांधणारा धागा. कोकणात एकाच उताऱ्यावर वीस हिस्सेदार आणि त्यांत तिघं एकाच नावाचे. तिथे नावावर विसंबणाऱ्याचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

पण खरी गंमत फेरफारात आहे. वारस लावताना तलाठी थेट सातबाऱ्यावर नाव चढवत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारवहीत, नोंद पडते. नोटिसा निघतात, हरकतींची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग अंमल. डीबीटूची फेरफारवही म्हणजे लॉग, आणि प्रमाणित करणं म्हणजे कमिट. उपमा एका ठिकाणी लंगडते: प्रमाणित न झालेला बदलही डीबीटू कधी कधी तक्त्यावर चढवून मोकळी होते. मात्र तो मागे कसा घ्यायचा हे वहीत उतरल्याशिवाय नाही. वीज परतली की डीबीटू ही वही वाचते. सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेली रीत अशी, की घडलेलं सगळं, अगदी अर्धवटसुद्धा, आधी पुन्हा घडवायचं आणि मगच अर्धवट तेवढं मागे घ्यायचं. पहिल्या वाचनात हा द्राविडी प्राणायाम वाटतो. मलाही वाटला होता. त्यावरचं प्रकरण म्हणूनच सर्वांत लांब झालं आहे. त्या संध्याकाळी हिशेब डीबीटूत असता आणि नावं काढणं-चढवणं एकाच कमिटखाली असतं, तर मुंबईकर निमूटपणे बाकीत परतले असते आणि मी जेवायला उठलो असतो.

वही मात्र तक्त्यांच्याच डिस्कवर ठेवली, तर दोन्ही एकदम जातात. जुलै 2021 मध्ये जगबुडी नदी बाजारपेठेत शिरली, ते पाणी इथला कोणीच विसरलेला नाही. तेव्हा दुसरी डिस्क आधीच आणून ठेवावी, पहिल्या प्रकरणातच लागेल. आणि रात्री ती शक्यतो चढावरच्या घरात असावी.