दिल्लीचा झेरॉक्स खटला

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ नावाचे दुकान दिल्ली विद्यापीठाच्या परवान्यावर चाले. जागेच्या बदल्यात महिन्याला ३,००० पाने विद्यापीठाला फुकट काढून द्यायची आणि विद्यार्थ्यांकडून पानामागे ४० पैसे घ्यायचे, असा व्यवहार होता. प्राध्यापकांच्या वाचनयादीतली निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून तिथे ‘कोर्स पॅक’ मिळत. एका प्रकरणासाठी अख्खे परदेशी पुस्तक विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान व विद्यापीठ या दोघांवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा ठोकला. मागणी होती ६० लाखांच्या भरपाईची. ऑक्टोबरमध्ये अंतरिम मनाईही मिळाली आणि कोर्स पॅक थांबले. मग विद्यार्थी संघटना करून खटल्यात उतरले. अमर्त्य सेन यांनी तर स्वतःच्याच प्रकाशकाला दावा मागे घेण्याची विनंती केली. ज्यांच्या हक्कांसाठी भांडतो म्हणून सांगायचे, त्यांच्यातलेच अनेक लेखक विद्यार्थ्यांच्या बाजूला उभे राहिले, ही प्रकाशकांची मोठीच पंचाईत होती.

सगळा वाद १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२(१)(i) भोवती फिरत होता. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल या कलमानुसार कॉपीराइटचा भंग ठरत नाही. ही सूट वर्गापुरती आहे, नफा कमावणाऱ्या दुकानाला ती कशी लागू होईल, असा प्रकाशकांचा सवाल होता. अमेरिकेत १९९१ मध्ये किंकोज ही कंपनी अशाच कोर्स पॅकपायी हरली होती. पण तिथले ‘फेअर यूज’ म्हणजे योग्य वापराचे तत्त्व बाजारावरील परिणामही तोलते. भारतीय कलमात शिक्षणासाठी वेगळी, थेट सूट आहे.

न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेणे चालते, तर तेच काम यंत्राने केल्याने बेकायदा होत नाही. आणि विद्यापीठाला जे स्वतः करता येते ते ठेकेदाराकडून करून घेता येते, असा त्यांचा युक्तिवाद. अध्यापन म्हणजे केवळ तासाला शिकवणे नव्हे, हेही त्यांनी मान्य केले.

प्रकाशकांच्या अपिलावर ९ डिसेंबरला त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने हा अर्थ बहुतांशी उचलून धरला. किती टक्के पाने काढली हे गौण, शिकवण्यासाठी ती लागत होती का हे महत्त्वाचे, असे त्याने ठरवले. मात्र कोर्स पॅकमधला मजकूर खरोखर आवश्यक होता का आणि अख्ख्या पुस्तकांच्या प्रती काढणे योग्य का, हे मुद्दे पुराव्यावर तपासण्यासाठी दावा पुन्हा सुनावणीला पाठवला. मनाई मात्र दिली नाही.

ती सुनावणी झालीच नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मे महिन्यात, पुस्तकांच्या प्रती काढण्याचे परवाने देणाऱ्या संस्थेची या निकालाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्यामुळे संपूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्सचा प्रश्न या खटल्यात अनिर्णितच राहिला. शिवाय हा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा असल्याने मुंबई-पुण्यातल्या महाविद्यालयांना त्याचा दाखला देता येतो, पण तो इथल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही.