पाण्याची माती होते का?

ऑक्टोबर 1768 मध्ये पॅरिसात रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हाझिए याने आठ वेळा ऊर्ध्वपातन केलेलं पावसाचं पाणी काचेच्या भांड्यात घालून तोंड बंद केलं आणि ते आचेवर ठेवलं. वाफ वर जाऊन पुन्हा त्याच भांड्यात उतरेल, अशी भांड्याची घडण होती. हे 101 दिवस चाललं. पाणी आटवलं की तळाशी पांढरी भुकटी उरते. म्हणजे पाण्याची माती होते, असं भले भले मानत होते.

या समजुतीची मुळं मिलेटस या प्राचीन ग्रीक नगरात सापडतात. तिथल्या थेलीझच्या लेखी सगळ्याचा उगम पाण्यात. अ‍ॅनॅक्झिमिनीझने पुढे जाऊन ‘कसं’ तेही सांगितलं: हवा दाटत गेली की वारा, ढग, पाणी, माती आणि शेवटी दगड. मग पार्मेनिडीझने सगळ्यांची वाट अडवली. जे नाहीच, त्यातून काही येईल कसं?

याला सिसिलीतल्या एम्पेडोक्लीझने दिलेलं उत्तर मला साऱ्या ग्रीक निसर्गविचारातलं सर्वांत धाडसी वाटतं. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार मुळं अनादी आहेत, एकाचं दुसरं कधीच होत नाही. प्रेम त्यांना जोडतं, कलह तोडतो. जन्म आणि मृत्यू हे निव्वळ लोकांचे शब्द. अ‍ॅरिस्टॉटलने चार तत्त्वं ठेवली, पण त्यांचं अढळपण काढून घेतलं. पाणी थंड आणि ओलं, माती थंड आणि कोरडी. ओलेपणाच्या जागी कोरडेपणा आला की पाण्याची माती.

सतराव्या शतकात चार तत्त्वं नाकारणाऱ्या व्हॅन हेल्मॉन्टनेही पाण्याचा हा महिमा मानलाच. 200 पौंड मातीत लावलेलं 5 पौंडांचं विलोचं रोप त्याने पाच वर्षं फक्त पाणी घालून वाढवलं. झाड 169 पौंडांचं झालं, माती जेमतेम दोन औंस घटली. लाकूड पाण्याचंच, असा त्याने निष्कर्ष काढला. झाड हवेतूनही काही घेतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

लव्हाझिएने फक्त तोलून पाहिलं. बंद भांड्याचं एकूण वजन बदललं नव्हतं, रिकाम्या भांड्याचं मात्र घटलं होतं, जवळजवळ भुकटीच्या वजनाइतकंच. माती काचेची होती! शून्यातून काही उपजत नाही हे गृहीत धरल्याशिवाय त्या तराजूला अर्थच नव्हता; अ‍ॅरिस्टॉटलचा पाडाव झाला तो एम्पेडोक्लीझच्याच बळावर.

पुढे 1783 मध्ये पाणी हेच संयुग असल्याचं लव्हाझिएने जाहीर केलं. 1789 च्या त्याच्या ग्रंथात 33 मूलद्रव्यांची यादी आहे. तिच्यात पाणी नाही, हवा नाही. उष्णता आणि प्रकाश मात्र आहेत; तेजाला यादीबाहेर पडायला अजून अवकाश होता.